१ मेला पेढा मिळाला, पण सुट्टी नेमकी कशाची होती?

भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोदामात कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या तरुणाने विचारलं आहे: "१ मेला सकाळी झेंडावंदन झालं, पेढे वाटले, साहेबांनी कामगारांचं कौतुक करणारं भाषण केलं आणि साडेआठला आम्ही रोजच्यासारखे माल चढवायला लागलो. ही सुट्टी महाराष्ट्र दिनाची की कामगार दिनाची? ती आली कुठून? आणि आम्हा कंत्राटी लोकांना ती लागू आहे का?"

गेली एकतीस वर्षं मी कामगार संघटनेचं काम करतो आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, भिवंडीची गोदामं आणि कामगार न्यायालयाचे जिने यांतच ही वर्षं गेली. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत देता येईल आणि ते शेवटी देतोच. पण आधीची हकिगत माहीत असली की त्या चार ओळी मुकादमासमोर ठामपणे म्हणता येतात, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

१ मेच्या मुळाशी एकच मागणी आहे: दिवसाला आठ तास काम. ना पगारवाढ, ना बोनस, ना कौतुक. माणसाच्या दिवसातले किती तास मालकाचे आणि किती त्याचे स्वतःचे, एवढाच तो हिशोब. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले, अशी ही मांडणी इंग्लंडात रॉबर्ट ओवेनने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केली होती. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ च्या एप्रिलमध्ये काम थांबवून मोर्चा काढला आणि आठ तास मिळवलेही. पण ही मागणी १ मेला जोडली गेली ती अमेरिकेत.

१८८४ मध्ये तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने शिकागोच्या अधिवेशनात ठराव केला की १ मे १८८६ पासून आठ तास हाच कामाचा दिवस मानायचा. तो दिवस उजाडला तेव्हा देशभर लाखो कामगारांनी काम बंद ठेवलं. शिकागो या संपाचं केंद्र होतं. ३ मेला मॅकॉर्मिक या शेतीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कामगार मेले. त्याच्या निषेधासाठी ४ मेच्या संध्याकाळी हेमार्केट चौकात सभा झाली. शहराचे महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेत येऊन उभे राहिले आणि सगळं शांत आहे असं पाहून घरी गेले. पावसाची चिन्हं होती, लोकही पांगत होते. तेवढ्यात सभा मोडायला पोलिसांची तुकडी आली आणि कुणीतरी बॉम्ब फेकला. सात पोलीस आणि किमान चार नागरिक दगावले. बॉम्ब कुणी टाकला ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

तरी आठ जणांवर खटला चालला. ऑगस्ट स्पाइस, अल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिलं. लुई लिंग आदल्या दिवशी कोठडीतच मेला. उरलेले तिघे तुरुंगात होते. १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी खटलाच अन्यायाचा होता असं लिहून त्यांना माफी दिली. न्यायालयात उभं राहणारा माणूस म्हणून सांगतो, आल्टगेल्ड यांच्याबद्दल मला फार आदर आहे. चौघांना फाशी होऊन साडेपाच वर्षं झाली होती, लोक विसरत चालले होते. गप्प बसले असते तर त्यांना कुणी काही म्हटलं नसतं.

१८८९ मध्ये पॅरिसला समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आठ तासांसाठी सगळ्या देशांत एकाच दिवशी निदर्शनं करायची असं ठरलं. अमेरिकन कामगारांनी १ मे १८९० ही तारीख आधीच धरली होती, तीच सर्वांनी घेतली. जगातला पहिला मे दिन तो. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत कामगार दिनाची सरकारी सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते. १८९४ मध्ये अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी त्या कायद्यावर सही केली. जिथे रक्त सांडलं त्या देशाने तारीख मात्र दुसरी धरली.

आता मुंबईत या. अनेक जण १ मे ही परदेशी कल्पना आहे असं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्यांना नारायण मेघाजी लोखंडे माहीत नसतात. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, १८८० पासून 'दीनबंधू'चे संपादक. गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेला माणूस, त्यामुळे गिरणीच्या आत काय चालतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्या काळी गिरणी सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. रविवारीसुद्धा अर्धा दिवस यंत्रं पुसायला बोलवायचे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नका, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नका. ही ओळ सावकाश पुन्हा वाचा. सात वर्षांचं पोर नऊ तास काम करणार, ही तेव्हाची सुधारणा होती. मोठ्या माणसाच्या तासांना तर कसलीच मर्यादा नव्हती.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या अशा: रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर दुखापत झाली तर भरपाई. माझ्याकडे आज येणाऱ्या तक्रारींची वही उघडली तर यातल्या चार मागण्या जशाच्या तशा सापडतील. अर्धा तास जेवणाची सुट्टी मिळत नाही म्हणून गेल्याच महिन्यात एका गोदामातल्या बायका माझ्याकडे आल्या होत्या.

रविवारच का, असं पुष्कळ लोक विचारतात. साहेबांचा चर्चचा दिवस म्हणून तो सोयीचा पडला हे खरं. पण आपल्याकडे रविवार हा खंडोबाचा वार आहे, आणि गिरणीतला घाटावरचा माणूस जेजुरीचा भंडारा कपाळाला लावणारा. त्याला या दिवसाचं महत्त्व कुणी शिकवावं लागलं नाही.

सहा वर्षं हे चाललं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन गिरणी कामगार बाया बोलायला उभ्या राहिल्या. १८९० साली, दहा हजारांच्या गर्दीसमोर, नऊवारीतल्या दोन कष्टकरी बाया. मला ते दृश्य नेहमी डोळ्यांसमोर आणावंसं वाटतं. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. तारखा लावून पाहा: पॅरिसच्या ठरावाप्रमाणे युरोपात पहिला मे दिन पाळला गेला त्याच्या आधीच्या आठवड्यात महालक्ष्मीला ही सभा झाली होती. आणि आपली मागणी तर परळला १८८४ मध्येच मांडून झाली होती. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी धावपळ करताना त्याच रोगाने गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. सरकारने २००५ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. पण माझं मत विचाराल तर १ मेला प्रत्येक कारखान्यात झेंड्याशेजारी त्यांची तसबीर असायला हवी.

मे दिन या नावाने हा दिवस भारतात प्रथम पाळला गेला तो मद्रासला, १ मे १९२३ रोजी. मलयापुरम सिंगारवेलू चेट्टियार यांनी समुद्रकिनाऱ्यावर दोन सभा घेतल्या, एक ट्रिप्लिकेनला आणि एक हायकोर्टासमोर. लाल बावटा तिथे फडकला आणि या दिवशी सुट्टी द्यावी अशी मागणी झाली.

पण आठ तास? ते अजून बरेच लांब होते. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्य मावळला की काम थांबायचं हा निसर्गाने घातलेला एकमेव नियम होता, तोही गेला. काम चौदा-पंधरा तासांवर पोचलं. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली आणि तिचा अगदी पहिला करारच दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तासांचा होता. त्यात हिंदुस्थानसाठी मात्र वेगळं कलम घातलं: इथे आठवड्याला साठ तास चालतील. प्रशिक्षण शिबिरात मी हे कलम मोठ्याने वाचून दाखवतो. माणूस तोच, साचा तोच, घड्याळ तेच, पण बारा तास जादा.

मग १९२२ ला दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ, १९३४ ला दहा आणि चोपन्न. १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संप, गिरणी कामगार युनियन, संप करण्याच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ चा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांचा एकत्र संप, हे सगळं या आकड्यांच्या मधल्या जागेत घडलं. बाबासाहेब जुलै १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९४६ मध्ये आठवडा ४८ तासांचा झाला. आपल्याकडचा 'आठ' इथून येतो: ४८ भागिले सहा. परळच्या निवेदनापासून ६२ वर्षं लागली.

त्या आठ तासांचा अर्थ मला कायद्याच्या पुस्तकाआधी घरात कळला. वडिलांची पहिली पाळी सात ते साडेतीन. साचेखात्यात आवाज इतका की तिथली माणसं ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखत. घरी आल्यावरही वडील ओरडल्यासारखं बोलायचे, लहानपणी वाटायचं रागावलेत. भुवयांवर कापसाची लव असायची, ती आई ओल्या फडक्याने पुसायची. चार वाजता चहा. आणि पाच वाजता तोच थकलेला माणूस पखवाज घेऊन बसायचा, कारण गुरुवारी भजन असायचं. समोरच्या खोलीतले काका कबड्डीच्या मैदानावर. चाळीतले तिघे कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेची तालीम करायचे, त्यातला एक बायकी भूमिका इतकी सुरेख करायचा की आयाबाया रडायच्या. गिरणगावाची शाहिरी, लेझीम, तालमी, गणपती, खानावळीतली रात्रीची वादावादी, रात्रशाळा हे सगळं साडेतीननंतर उभं राहिलं. बारा तासांच्या गिरणीत पखवाज वाजला नसता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या भोंग्याच्या वेळा पुन्हा तशा कधी आल्या नाहीत. तो विषय मोठा आहे, इथे नको.

आता तुमचा पहिला प्रश्न: महाराष्ट्र दिन की कामगार दिन? दोन्ही, आणि त्यांत ओढाताण नाही. मुंबईसह मराठी माणसांचं एक राज्य, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र, व्हावं यासाठी २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत संप होता. गिरणगावातून कामगारांचे जथे चालत फोर्टला आले आणि फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला. १९५६ च्या जानेवारीत पुन्हा गोळीबार झाले. १०६ हुतात्मे आपण म्हणतो, त्यांत गिरणी कामगार होते, हमाल होते, कारागीर होते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर या शाहिरांची डफावरची थाप आधी कामगारांच्या सभांत वाजत होती, तीच संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत वाजली. राज्य स्थापन झालं १ मे १९६० ला, गुजरातही त्याच दिवशी. हुतात्मा चौकात कधी गेलात तर स्मारकाकडे नीट पाहा. तिथे मशाल धरलेले दोघे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. कुणी पुढारी नाही. दर १ मेला सकाळी आमची संघटना तिथे फुलं वाहायला जाते आणि तिथूनच मे दिनाच्या मोर्चाला. आम्हाला दोन दिवस कधी वाटलेच नाहीत.

एक तपशील उपयोगी पडेल: केंद्र सरकारच्या २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्ट्यांत १ मे नाही. तुमचा साहेब "ही राष्ट्रीय सुट्टी नाही" असं म्हणाला तर तो तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण तुमच्यावर लागू आहे राज्याचा कायदा.

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार कायद्यानेच नेमलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी बसून ठरवायच्या. व्यापारी मालाचं गोदाम या कायद्यात येतं. हा कायदा आधी दहा किंवा जास्त कामगारांच्या जागेला होता, २०२५ मध्ये ती मर्यादा वीसवर नेली. तुमच्या गोदामात दोनशेच्या वर माणसं आहेत, म्हणजे तो प्रश्न नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांनी मात्र आपला करार आणि स्थायी आदेश, म्हणजे कारखान्याची कामाच्या अटींची लेखी नियमावली, पाहावेत, तिथे सुट्ट्यांची यादी असते.

भरपगारी सुट्टी म्हणजे तुम्ही घरी बसलात तरी त्या दिवसाचा पगार मिळणार. तो तर न येताही मिळाला असता. मग आलात त्या कामाचं काय? एवढंच विचारायचं. नेहमीचा रोज देऊन ते काम फुकटात घालता येत नाही.

"तुम्ही कंत्राटदाराची माणसं" हे उत्तर हमखास येईल. पगाराची पहिली जबाबदारी कंत्राटदाराची, हे खरं. पण त्याने तो बुडवला तर मूळ मालकाला द्यावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं आणि नव्या कामगार संहितांत, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केंद्राने केलेल्या कायद्यांतही आहे. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. ही तारीख वाचली तेव्हा फ्लोरा फाउंटनची तारीख आठवून मी थोडा वेळ गप्प बसलो होतो.

त्याच वर्षी राज्याने कारखान्यांत दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकानांत नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती. कागदावर हे ठीक दिसतं. पण कामावर घेतानाच कोऱ्या कागदावर सह्या घेतलेल्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. एका जागी तर संमतीचा मजकूर आणि सही यांची शाईसुद्धा वेगळी होती. बारा तास काम, जाता-येता अडीच तास प्रवास, मग त्या माणसाचं मूल त्याला जागेपणी भेटणार कधी? मी या बदलाच्या विरोधात आहे आणि तसं लेखी कळवलंही आहे.

तर तुम्ही आता इतकं करा. १ मेच्या हजेरीचा पुरावा जपा: गेटवरची नोंद, मोबाइलवर आलेला पाळीचा मेसेज, झेंडावंदनाचा फोटो असेल तर तोही, कारण त्यात तारीख आणि माणसं दोन्ही आहेत. मे महिन्याची पगारपावती मागा, तोंडी हिशोब मान्य करू नका. मग साध्या मराठीत अर्ज लिहा: १ मे रोजी आम्ही इतके जण, इतके ते इतके वाजेपर्यंत कामावर होतो, भरपगारी सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा मोबदला मिळावा. एकट्याची सही नको, निदान दहा-बारा जणांच्या घ्या. एक प्रत कंत्राटदाराला, एक गोदामाच्या व्यवस्थापकाला, आणि तिसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सगळे कागद घेऊन भिवंडीच्या कामगार अधिकाऱ्याकडे जा. अर्जाचा कच्चा मसुदा आधी मला पाठवलात तरी चालेल, तारखा आणि तास तेवढे तपासून देईन.